वेब ॲपच्या सुरक्षा सेटिंग तपासायच्या, तर ब्राउझरमध्ये काय असावे आणि काय नसावे

तुमची अडचण मला समजली ती अशी. मॅन्युअल टेस्टिंग करता करता तुमच्याकडे सुरक्षा चाचणीचे काम आले. कंपनीच्या स्वतःच्या दोन वेब ॲप्लिकेशन्सच्या सुरक्षा सेटिंग तपासून अहवाल द्यायचा आहे आणि त्यासाठी महागडे टूल मिळणार नाही. म्हणून तुम्ही एका यादीतली १९ एक्स्टेन्शन्स (ब्राउझरला जोडायचे छोटे प्रोग्राम) रोजच्या क्रोममध्ये बसवली. आता विचारता आहात, की यातली कोणती ठेवावीत आणि कोणत्या क्रमाने वापरावीत.

मी १४ वर्षे हेच काम करते. माझ्या टेस्टिंगच्या दोन ब्राउझरमध्ये मिळून आज चार एक्स्टेन्शन्स आहेत. ती कोणती ते सांगतेच, पण सुरुवात 'रोजच्या क्रोममध्ये' या शब्दांपासून करावी लागेल, कारण तुमच्या प्रश्नातली मला सर्वात काळजीची वाटलेली गोष्ट तीच आहे.

एक्स्टेन्शन बसवताना क्रोम विचारतो, की हिला सर्व वेबसाइटवरचा तुमचा सगळा डेटा वाचू आणि बदलू द्यायचा का. आपण घाईत 'हो' म्हणतो. त्या 'सर्व'मध्ये ऑफिसची मेल येते, नेट बँकिंग येते आणि ज्या ॲपची चाचणी करायची त्याचे ॲडमिन पॅनेलही येते. कुकीची, म्हणजे लॉगिन लक्षात ठेवण्यासाठी साइट ब्राउझरमध्ये ठेवते त्या नोंदीची, परवानगी दिलेली एक्स्टेन्शन एचटीटीपीओन्ली असलेली कुकीसुद्धा वाचू शकते. एचटीटीपीओन्लीमुळे पानावरच्या जावास्क्रिप्टला कुकी दिसत नाही, एक्स्टेन्शनला मात्र ती आडकाठी नाही. म्हणजे ज्या संरक्षणाची तुम्ही तपासणी करणार, ते या एका वाटेवर मुळात लागूच होत नाही.

ही भीती कागदावरची नाही. 'द ग्रेट सस्पेंडर' ही लाखो लोकांची आवडती एक्स्टेन्शन मूळ लेखकाने २०२० साली दुसऱ्याला विकली आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये गूगलला ती मालवेअर म्हणून काढून टाकावी लागली. डिसेंबर २०२४ मध्ये तर सायबरहेवन या सुरक्षा क्षेत्रातल्याच कंपनीच्या कर्मचाऱ्याला फिशिंगच्या मेलने फसवून तिच्या एक्स्टेन्शनची बिघडवलेली आवृत्ती ऐन नाताळात क्रोम स्टोअरवर चढवली गेली. ती वापरणाऱ्यांच्या ब्राउझरमध्ये आपोआप अपडेट होऊन पोहोचली आणि कुकी, सेशन (चालू लॉगिन) बाहेर पाठवू लागली. त्या लोकांनी स्वतःहून काहीही चुकीचे केले नव्हते. एक्स्टेन्शन बसवताना ती चांगलीच होती.

तेव्हा पहिले काम म्हणजे टेस्टिंगसाठी वेगळे प्रोफाइल. क्रोममध्ये नवीन प्रोफाइल करा, त्यात ऑफिसच्या खात्याने साइन-इन करू नका, नाहीतर सिंक होऊन सगळी जुनी एक्स्टेन्शन्स मागच्या दाराने परत येतील. थीम भडक लाल ठेवा. दिवसभराच्या धावपळीत आपण कुठल्या खिडकीत आहोत हे डोळ्यांना झटक्यात कळले पाहिजे. फायरफॉक्समध्येही असेच एक प्रोफाइल करा. त्यानंतर एकेक एक्स्टेन्शन बसवताना तिला सगळ्या साइट न देता फक्त चाचणीच्या ॲपचा पत्ता द्या. क्रोममध्ये एक्स्टेन्शनच्या तपशिलात ही सोय आहे.

आता त्या १९ मधली निम्मी तरी अशी असतील, की जी ब्राउझरमध्ये आधीपासून असलेलेच काम करतात. एफ १२ दाबा. ब्राउझरची तपासणीची खिडकी, म्हणजे डेव्हटूल्स, उघडेल. तिच्यात 'ॲप्लिकेशन' टॅबवर कुकीची यादी आहे. तिथे दोनदा क्लिक करून कुकीची किंमत (व्हॅल्यू) बदलता येते, त्यासाठी कुकी एडिटर लागत नाही. लॉगिन करा आणि सेशनच्या कुकीची ती एक ओळ नीट वाचा. सिक्युअरच्या (कुकी फक्त एचटीटीपीएसवरून जावी) रकान्यात बरोबरची खूण आहे का? एचटीटीपीओन्लीच्या रकान्यात? सेमसाइटखाली (दुसऱ्या साइटवरून आलेल्या विनंतीबरोबर कुकी पाठवायची का) काय लिहिले आहे? लॉगिनच्या आधी आणि नंतर कुकीची किंमत बदलली का? आणि लॉगआउट केल्यावर जुनी किंमत पुन्हा चिकटवली तर आत जाता येते का? हा शेवटचा प्रश्न कुठलीही एक्स्टेन्शन आपणहून विचारणार नाही, आणि उत्तर 'हो' आलेली ॲप्स मी दरवर्षी बघते. बटण दाबल्यावर कुकी ब्राउझरमधून पुसली जाते, पण सर्व्हरवरचे सेशन तसेच जिवंत राहते.

सेमसाइटचा रकाना रिकामा दिसला तर घाईने निष्कर्ष काढू नका. २०२० सालच्या क्रोम ८० पासून, सर्व्हरने काहीच सांगितले नसेल तर क्रोम ती कुकी 'लॅक्स' धरून चालतो, म्हणजे दुसऱ्या साइटवरून पाठवलेल्या फॉर्मबरोबर ती जाऊ देत नाही. पण त्यात एक सवलत आहे. अशी कुकी नुकतीच, म्हणजे साधारण दोन मिनिटांच्या आत बसलेली असेल, तर दुसऱ्या साइटवरून आलेल्या पोस्ट फॉर्मबरोबरही ती जाते. त्यामुळे सीएसआरएफची (दुसऱ्या साइटने वापरकर्त्याच्या नकळत त्याच्या नावाने विनंती पाठवण्याची) चाचणी लॉगिननंतर लगेच केली की 'ॲप असुरक्षित' दिसते आणि चहा घेऊन आल्यावर केली की 'सुरक्षित' दिसते. माझ्या हाताखालच्या दोन मुलांनी एकाच फॉर्मवर अशी दोन उत्तरे आणली होती आणि दोघांनीही चाचणी बरोबरच केली होती. अहवालात एवढेच लिहा, की सर्व्हरने सेमसाइट स्पष्टपणे द्यावे. ब्राउझरच्या मर्जीवर सोडू नये.

इथून पुढे जे सांगते आहे त्याचा गाभा एकच आहे: ब्राउझर जे दाखवतो ते आणि सर्व्हरने जे पाठवले ते, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपला अहवाल दुसरीबद्दल असतो.

याचे साधे उदाहरण एचएसटीएसचे. हेडर म्हणजे सर्व्हर उत्तरासोबत पाठवतो त्या सूचना, आणि एचएसटीएस हे 'यापुढे एचटीटीपीएसनेच या' असे ब्राउझरला सांगणारे हेडर. तुम्ही ॲड्रेस बारमध्ये एचटीटीपी लिहिलेत, नेटवर्क टॅबमध्ये ३०७ (दुसरीकडे वळवल्याचा क्रमांक) दिसले आणि पान एचटीटीपीएसवर गेले. वाटते, सर्व्हर बरोबर वळवतो आहे. पण त्या ३०७ पुढे 'इंटर्नल रिडायरेक्ट' असे लिहिलेले असते. ती विनंती सर्व्हरपर्यंत पोहोचलीच नाही, मागच्या भेटीत मिळालेले एचएसटीएस आठवून क्रोमने स्वतःच वळवली. सर्व्हरचे ८० नंबरचे, म्हणजे साध्या एचटीटीपीचे, पोर्ट प्रत्यक्षात काय करते ते तुम्ही अजून पाहिलेलेच नाही. शिवाय प्रमाणपत्राची चूक असलेल्या टेस्ट सर्व्हरवर ब्राउझर हे हेडर मनावरच घेत नाही. म्हणून टर्मिनल उघडा आणि कर्ल या कमांडने तीच विनंती करा. कर्लला जुने काही आठवत नाही.

कर्ल वापरतानाही एक सावधगिरी बाळगा. कॅपिटल आय (-I) देऊन फक्त हेडर मागवण्याची सवय सगळ्यांना असते, पण त्यात विनंती 'हेड' प्रकारची जाते आणि काही ॲप्स 'हेड'ला आणि 'गेट'ला, म्हणजे पूर्ण पान मागणाऱ्या नेहमीच्या विनंतीला, वेगवेगळे उत्तर देतात. 'गेट'च करा, पानाचा मजकूर टाकून द्या, हेडर ठेवा.

मी हे इतके ठासून का सांगते त्यामागे माझी स्वतःची एक चूक आहे. काही वर्षांपूर्वी एका ग्राहकाच्या पोर्टलवर क्लिकजॅकिंगचे (दुसऱ्या साइटने आपले पान लपवून त्यावर क्लिक करवून घेण्यापासूनचे) संरक्षण आहे, असे मी अहवालात लिहिले. आयफ्रेममध्ये, म्हणजे दुसऱ्या पानातल्या चौकटीत, पान उघडून पाहिले होते, उघडत नव्हते. तीन आठवड्यांनी त्यांच्याच डेव्हलपरने फोन करून विचारले, "मॅडम, हे हेडर आम्ही लावलेलेच नाही, तुम्हाला कुठे दिसले?" आदल्या दिवशी दुसऱ्या एका कामात, हेडर लावल्यावर पान कसे वागते ते बघायला, मी मॉडहेडर या हेडर बदलणाऱ्या एक्स्टेन्शनमध्ये एक्स-फ्रेम-ऑप्शन्सचा, म्हणजे पान चौकटीत उघडू न देणाऱ्या हेडरचा, नियम केला होता. तो चालूच राहिला होता. मी ग्राहकाचा सर्व्हर तपासत नव्हते, माझीच एक्स्टेन्शन तपासत होते. त्या दिवसापासून मी 'आहे' किंवा 'नाही' असे कुठलेही वाक्य कर्लच्या उत्तराशिवाय लिहिलेले नाही. ती एक्स्टेन्शनही काढून टाकली. २०२३ पासून क्रोमच्या डेव्हटूल्समध्येच उत्तराचे हेडर तात्पुरते बदलून बघण्याची सोय आहे, आणि ती चालू असेल तर टॅबवर खूण दिसते. जाहिराती अडवणाऱ्या एक्स्टेन्शन्सही पानात ढवळाढवळ करतात, त्याही या प्रोफाइलमध्ये नकोत.

हेडर तपासताना फक्त मुखपृष्ठ बघून थांबू नका. यात सर्वात जास्त फसवणारी जागा एनजिनेक्स या वेब सर्व्हरची. तिथे सर्व्हर ब्लॉकमध्ये (पूर्ण साइटच्या सेटिंगमध्ये) ॲड-हेडरच्या पाच ओळी लिहिलेल्या असतात आणि सगळे निवांत असतात. मग कुणीतरी अपलोडच्या लोकेशन ब्लॉकमध्ये (त्या एका पत्त्यापुरत्या सेटिंगमध्ये) कॅशसाठी एकच ॲड-हेडर टाकतो. झाले. आतल्या ब्लॉकमध्ये एकही ॲड-हेडर असेल तर वरच्या पाचही ओळी तिथे एरवी लागू होत नाहीत. वरून, शेवटी 'ऑलवेज' लिहिलेले नसेल तर ४०४ आणि ५०० अशा चूक झाल्याचे सांगणाऱ्या पानांवर ती हेडर येतच नाहीत, आणि वापरकर्त्याने टाकलेला मजकूर जसाच्या तसा परत दाखवण्याचा प्रकार नेमका अशाच पानांवर घडतो. म्हणून मी प्रत्येक ॲपवर किमान पाच ठिकाणी कर्ल चालवते: मुखपृष्ठ, लॉगिननंतरचे पान, एपीआयचे एक उत्तर, अपलोड केलेली फाइल आणि मुद्दाम चुकवलेला पत्ता. हेडर मोजून गुण देणाऱ्या एक्स्टेन्शन्स तुम्ही उघडलेल्या एका पानाचे गुण देतात. बाकीच्या चार ठिकाणी कोण जाणार?

गुणांवरून आठवले. एक्सएसएस (हल्लेखोराची स्क्रिप्ट आपल्या पानात चालणे) रोखण्यासाठीचे एक्स-एक्सएसएस-प्रोटेक्शन हे हेडर नाही म्हणून अजूनही काही टूल्स लाल खूण करतात. ज्या यंत्रणेसाठी ते हेडर होते ती क्रोमने २०१९ मध्ये काढून टाकली आणि फायरफॉक्सने ती कधी आणलीच नव्हती. हा मुद्दा अहवालात लिहू नका, डेव्हलपर तुमच्या बाकीच्या मुद्द्यांकडेही संशयाने बघू लागतील.

कंटेंट सिक्युरिटी पॉलिसी, म्हणजे सीएसपी (पानात कुठली स्क्रिप्ट चालू द्यायची याचे सर्व्हरने दिलेले नियम), हा भाग मात्र सावकाश करा. इथे मी एक्स्टेन्शन वापरते: गूगलची सीएसपी इव्हॅल्युएटर. गूगलच्याच संशोधकांनी २०१६ मध्ये वेबवरच्या पॉलिसींचा अभ्यास केला, तेव्हा ९४ टक्क्यांहून अधिक पॉलिसी सहज ओलांडता येण्यासारख्या निघाल्या. त्याचे एक मोठे कारण म्हणजे बहुतेकांनी विश्वासू डोमेनची लांबलचक यादी केली होती, आणि त्यातल्या एखाद्या डोमेनवर जेसनपी (डेटा स्क्रिप्टच्या रूपात देण्याची जुनी पद्धत) किंवा जुनी अँग्युलर लायब्ररी असली की संपूर्ण यादी निकामी होते. अशी डोमेन डोळ्यांनी शोधणे अवघड, इव्हॅल्युएटर ती लगेच दाखवते.

पण तिचे उत्तर समजून घ्या. 'अनसेफ-इनलाइन' (पानातच लिहिलेली स्क्रिप्ट चालू देणारा शब्द) दिसले की सगळे नवशिके तो गंभीर दोष म्हणून लिहितात. त्याच ओळीत नॉन्स (परवानगीची स्क्रिप्ट ओळखायला दर वेळी नव्याने दिलेला संकेत) असेल, तर आजचे ब्राउझर 'अनसेफ-इनलाइन'कडे दुर्लक्ष करतात. ते फक्त जुन्या ब्राउझरसाठी ठेवलेले असते, दोष नाही. उलट नॉन्स आहे म्हणून खूश होऊ नका. पान तीन-चार वेळा रिफ्रेश करा आणि नॉन्स दर वेळी बदलतो का पाहा. पान कॅश होत असेल तर तोच नॉन्स सगळ्यांना मिळतो, मग त्याचा उपयोग काय? पॉलिसी 'रिपोर्ट-ओन्ली' असेल तर ती काहीच अडवत नाही. आणि पानाच्या मेटा टॅगमध्ये लिहिलेले 'फ्रेम-अँसेस्टर्स' (पान कुणाच्या चौकटीत उघडू द्यायचे ते) ब्राउझर मानत नाही, ते हेडरमध्येच लागते. यातली प्रत्येक गोष्ट मी 'ठीक आहे' असा शेरा मारलेल्या अहवालांमध्ये पाहिली आहे.

तुमच्या यादीत कॉर्स (एका साइटच्या कोडला दुसऱ्या साइटचा डेटा वाचू द्यायचा का, याचे नियम) बंद करणारी एक्स्टेन्शन आहे, ती आधी काढा. डेव्हलपर मंडळी ती सोयीसाठी वापरतात, पण ती चालू असताना ब्राउझरची साइट-साइटमधली एक महत्त्वाची भिंत पडलेली असते, आणि कॉर्सची तपासणी तर तिच्यामुळे अशक्यच होते. कॉर्स कर्लने तपासा. विनंतीत ओरिजिन (विनंती कुठल्या साइटवरून आली ते) म्हणून भलताच पत्ता पाठवा. सर्व्हरने तोच पत्ता परत परवानगीत लिहून दिला आणि सोबत 'क्रेडेन्शियल्स ट्रू' (कुकीसह चालेल) दिले, तर तो खरा दोष. मग आपल्या डोमेनच्या नावाने संपणारा, पण वेगळाच पत्ता पाठवा. समजा तुमचे डोमेन 'दुकान डॉट कॉम' आहे, तर ओरिजिन 'नकलीदुकान डॉट कॉम' असा द्या. नावाचा शेवट जुळला की आत सोडणारे कोड आजही लिहिले जातात.

आता माझ्या सर्वात आवडत्या साधनाकडे येते. मोझिलाची मल्टी-अकाउंट कंटेनर्स. सुरक्षेच्या याद्यांमध्ये ती फारशी दिसत नाही, कारण ती काही शोधून देत नाही. ती एकाच फायरफॉक्समध्ये रंगीत टॅब देते, आणि प्रत्येक रंगाच्या कुकी व लोकल स्टोरेज वेगळे ठेवते. हिरव्या टॅबमध्ये एक वापरकर्ता, केशरीत दुसरा, लालमध्ये ॲडमिन, तिघे एकाच वेळी लॉगिन. क्रोमच्या दोन इन्कॉग्निटो खिडक्यांनी हे होत नाही, त्या दोन्ही एकच सेशन वापरतात.

एका पतसंस्थेच्या सभासद पोर्टलवर मी हेडर तपासून संपवले होते. एकही कमी नव्हते, डेव्हलपरने मन लावून काम केले होते. मग दोन चाचणी सभासदांनी दोन रंगात लॉगिन केले. हिरव्या टॅबमध्ये खाते उतारा डाउनलोड केला, त्याची लिंक कॉपी केली, केशरी टॅबमध्ये चिकटवली आणि एंटर दाबले. पहिल्या सभासदाचा उतारा, नाव-पत्त्यासह, दुसऱ्याच्या सेशनमध्ये उघडला. लिंकच्या शेवटी नुसता अनुक्रमांक होता. एक आकडा वाढवला असता तर पुढच्या खऱ्या सभासदाचा उतारा दिसला असता. तो मी वाढवला नाही. दोन चाचणी खात्यांवर दोष सिद्ध झाला होता, पुढे जाण्याचे कारण नव्हते आणि अधिकारही नव्हता. ओवॅस्प या वेब सुरक्षेवर काम करणाऱ्या संस्थेच्या २०२१ च्या धोक्यांच्या यादीत चुकीच्या सेटिंग पाचव्या क्रमांकावर आहेत आणि प्रवेश नियंत्रणातील दोष पहिल्या. तुमच्या कामाचे नाव 'सेटिंग तपासणी' असले तरी अर्धा दिवस या रंगीत टॅबना द्या, ही माझी आग्रहाची विनंती आहे.

प्रॉक्सीबद्दल, म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यातली ये-जा मध्ये थांबून दाखवणाऱ्या टूलबद्दल, लिहिता आहात, की बर्प हे टूल विकत मिळणार नाही. बर्पची कम्युनिटी आवृत्ती मोफत आहे आणि झॅप हे तसेच दुसरे टूल तर पूर्ण मुक्तस्रोत आहे. तुम्हाला झॅप पुरेल. त्याच्याशी ब्राउझर जोडायला फॉक्सीप्रॉक्सी ही माझी तिसरी एक्स्टेन्शन. तिच्यात १२७.०.०.१ (म्हणजे तुमचेच मशीन) आणि पोर्ट ८०८० भरा, आणि पॅटर्न लावून फक्त चाचणीचे डोमेन प्रॉक्सीतून जाऊ द्या. एचटीटीपीएसची ये-जा दिसण्यासाठी लागणारे झॅपचे प्रमाणपत्र फायरफॉक्सच्या टेस्टिंग प्रोफाइलमध्येच बसवा. फायरफॉक्स आपली प्रमाणपत्रे प्रोफाइलपुरती ठेवतो. क्रोमसाठी तेच प्रमाणपत्र ऑपरेटिंग सिस्टीममध्ये बसवले, तर तुमचे रोजचे क्रोमही त्यावर विश्वास ठेवू लागते. काम संपल्यावर ते काढायचे कुणाच्याच लक्षात राहत नाही.

राहिली चौथी, वॅपलायझर. कुठले तंत्रज्ञान वापरले आहे याचा झटपट अंदाज तिच्याने येतो, त्यापेक्षा जास्त नाही. तिने सांगितलेली आवृत्ती तशीच्या तशी अहवालात उतरवू नका. जुन्या जावास्क्रिप्ट लायब्ररी ओळखणारे रिटायर जेएस झॅपमध्ये ॲड-ऑन म्हणून येते, वेगळी एक्स्टेन्शन नको. जेक्वेरी ही लायब्ररी ३.५.० च्या आधीची असेल तर ते तुम्हाला एक्सएसएसचा इशारा देईल. तेव्हा डेव्हलपरला विचारा, की बाहेरून आलेले एचटीएमएल कुठे जेक्वेरीच्या हाती दिले जाते का. उत्तरावरून गांभीर्य ठरवा.

ॲप कंपनीचे स्वतःचे असले, तरी लेखी परवानगी घ्या. त्यात दोन्ही ॲपचे पत्ते, तारखा, चाचणी खात्यांची नावे आणि अडचण आली तर कुणाला फोन करायचा ते असू द्या. माहिती तंत्रज्ञान अधिनियम २००० च्या कलम ४३ मध्ये मालकाच्या परवानगीशिवाय यंत्रणेत प्रवेश करण्याची जबाबदारी ठरवली आहे, आणि तेच अप्रामाणिक हेतूने केल्यास कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड आहे. हेतू चांगला होता हे दाखवायला कागद हाताशी हवा. तुमच्या ॲपमध्ये पेमेंट गेटवे किंवा बाहेरचा चॅट असेल, तर ते तुमच्या कंपनीचे नाही हेही लक्षात ठेवा. प्रॉक्सीच्या यादीतून ती डोमेन वगळा. हात बसवायला ओवॅस्पचे ज्यूस शॉप (सरावासाठी मुद्दाम दोष ठेवलेले ॲप) आपल्या मशीनवर चालवा, पोर्ट ३००० वर उघडते. तिथे वाटेल ते मोडा.

आज संध्याकाळी मात्र एवढे करा. रोजच्या क्रोममधून ती १९ च्या १९ काढा. त्यातली एखादी खराब असेल तर ती काढल्याने तिने आधीच नेलेले सेशन बंद होत नाही. म्हणून ऑफिसची मेल, बँक आणि दोन्ही ॲपचे ॲडमिन, जिथे जिथे 'सर्व उपकरणांवरून लॉगआउट' आहे तिथे ते दाबा आणि पासवर्ड बदला. तुमच्या ॲपमध्ये असे बटणच नसेल, तर तुमच्या अहवालातला पहिला मुद्दा सापडला.